गिरगावात राहायला येताय? खोलीआधी जिना बघा

गिरगावात जागा बघत फिरणारी मंडळी आमच्या चाळीतही येतात. एजंट कुलूप काढतो, मंडळी आत जातात, खिडकी उघडून बघतात, पंखा लावून बघतात, भिंतीला टेप लावतात आणि दहा मिनिटांत खाली उतरतात. ज्या जिन्यावरून चढले त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी चाळ समितीची खजिनदार, शिवाय माझी खोली जिन्याच्या तोंडाशी, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चालतं. कुणी थांबून विचारलंच तर मी एवढंच सांगते: खोली तुम्ही रंगवून घ्याल, लाद्या बदलाल, ओटा नवा घालाल. जिना, पाणी, गॅलरी, संडास, वाडीची वाट आणि भाद्रपदातले ते दिवस, यातलं काहीही तुम्हाला एकट्याला बदलता येणार नाही. तेव्हा आधी ते बघा.

मी स्वतः मूळची इथली नाही. लग्न होऊन डोंबिवलीहून आले. सासूबाईंनी देवघर दाखवायच्या आधी कुठल्या पायरीवर पाय द्यायचा नाही ते दाखवलं होतं. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून आलेलं आहे. कायद्याचं तेवढं मी समितीच्या फायली चाळून शिकले.

जागा बघायला निदान दोनदा या, आणि वेळ साधून या. एकदा पाण्याच्या वेळेला. पालिकेचं पाणी दिवसातून ठरलेल्या वेळीच येतं, आणि ती वेळ गल्लीगणिक वेगळी. त्या वेळी वरच्या मजल्यावरच्या नळाला किती धार आहे ते बघा. तळाची टाकी केवढी, पंप कोण चालू करतं, तो माणूस गावाला गेला की कोण करतं, पंपाचं बिल कसं वाटून घेतात, हे विचारा. उत्तर देताना लोक एकमेकांकडे बघायला लागले तर समजा की भांडण चालू आहे. दुसऱ्यांदा रात्री दहानंतर या. आवाज, उजेड, जिन्यातला बल्ब, वाडीच्या तोंडाशी कोण बसलेलं असतं, कुत्री किती, हे सगळं तेव्हाच कळतं. पावसाळ्यात येता आलं तर फारच उत्तम, कारण उन्हाळ्यात गिरगावातली प्रत्येक खोली चांगलीच दिसते.

कागद कुठला, ते आधी विचारा

इथे राहायचे मार्ग तीन. नव्या टॉवरमधला मालकीचा फ्लॅट. त्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, तिथे लिफ्ट असते आणि वॉचमन असतो. दुसरा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर राहणं. तिसरा पागडी, आणि गोंधळ सगळा तिथेच होतो.

पागडीत तुम्ही जागेचे मालक होत नाही, भाडेकरूच होता, फक्त तो भाडेहक्क मिळवण्यासाठी मोठी रक्कम मोजता. महिन्याचं भाडं त्या मानाने किरकोळ. आमच्याकडे अजूनही तीन आकडी पावत्या फाडल्या जातात. १९४७ च्या जुन्या भाडे कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी घेत सगळेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या ५६व्या कलमाने हा व्यवहार उघड्यावर आणला: भाडेकरूला हक्क सोडताना आणि घरमालकाला हस्तांतराला संमती देताना रक्कम घ्यायची मुभा मिळाली. मालकाचा हिस्सा साधारण एक तृतीयांश, असा रिवाज आहे. पण तो रिवाजच, त्यामुळे घासाघीस होतेच. याच कायद्याने भाडं दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढवायचा हक्क मालकाला दिलाय.

अशा जागेत पहिला प्रश्न एकच: भाडेपावती कुणाच्या नावावर आहे? पावती आजोबांच्या नावावर, आजोबांना जाऊन वर्षं लोटली आणि नातू एजंटाबरोबर जागा दाखवतोय, असं इथे सर्रास असतं. भाडेकरू वारला की हक्क त्याच्याबरोबर त्या जागेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तेव्हा कोण राहत होतं, बोरिवली-पुण्याला गेलेले काका-आत्या काय म्हणतात, हे कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मालकाची लेखी संमती हवी. 'मेहताजींना', म्हणजे मालकाच्या मुनिमाला, 'सांगून ठेवलंय' याला संमती म्हणत नाहीत.

लायसन्सवर येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जागा देणारा स्वतःच पागडीचा भाडेकरू असेल आणि मालकाला न विचारता तुम्हाला ठेवत असेल, तर तो पोटभाडेकरू ठेवतोय, आणि त्यावरून मालक कोर्टात जागा परत मागू शकतो. तुमचं सामान तेव्हा गॅलरीत असेल. दुसरं, करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने जागा देणाऱ्यावर टाकली आहे. नोंदणी केलेली नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे वाक्य पाठ करून ठेवा, मालकाशी बोलताना कामाला येतं.

शेवटचा कागद म्हाडाचा. गिरगावातल्या बहुतेक जुन्या इमारती उपकरप्राप्त आहेत, म्हणजे दुरुस्तीसाठी त्या सेस भरतात आणि म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या अखत्यारीत येतात. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात. मंडळ पावसाळ्याआधी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं. तुमची इमारत त्या यादीत कधी येऊन गेली आहे का, ते बघून ठेवा.

आता जिना, आणि डोक्यावरची तुळई

लाकडी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोल झालेल्या असतात. चढताना भिंतीच्या बाजूने चढा, फळी तिथे टेकलेली असते. कठडा हलवून बघा. प्रत्येक वळणावर थांबून बघा, काय काय ठेवलंय. चपलांची कपाटं, सायकली, जुना फ्रिज, कुणाची तरी गादी. आमच्यासारख्या चाळींना जिना बहुधा एकच असतो. आग लागली तर उतरायची वाट तीच. जिथे जिना मोकळा आहे तिथे लोक एकमेकांचं ऐकतात, एवढं नक्की समजा. जिन्याखाली मीटर असतील. वायर लाकडी पट्टीतून गेल्यात की पाइपातून, जोड उघडे आहेत का, बघा. एसी लावायचा बेत असेल तर बेस्टकडे वाढीव लोडचा अर्ज करावा लागेल, आणि एसीचं बाहेरचं यंत्र गॅलरीच्या लाकडी कठड्याला कुणी लटकवून देईन म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

खोलीत शिरल्यावर खाली बघू नका, वर बघा. जुन्या चाळींचा सांगाडा बहुधा सागवानी: खांब, त्यावर तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या, वर कोबा नाहीतर लाद्या. सागवान मोकळ्या हवेत शंभर वर्षं टिकतं. कुजतं ते टोकाला, जिथे तुळई भिंतीत शिरते, कारण तिथे ओल अडकून बसते आणि हवा लागत नाही. म्हणून वरच्या मजल्यावरची मोरी नेमकी कुठे आहे ते विचारा आणि तिच्या खाली जाऊन उभे राहा. हात पोचत नसेल तर स्टूल मागा. लाकडावर किल्ल्यांच्या जुडग्याने ठोका, आधी मधोमध, मग सरकत सरकत भिंतीकडे. चांगलं लाकूड टणक वाजतं. आवाज बसका झाला, भद्द आला, की तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा. ते सहज आत गेलं तर पुढचं काही बघायची गरज नाही. भिंतीवर मातीच्या बारीक शिरा चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी. आणि सगळं छत पिवळट, पण एकाच कोपऱ्यात ताजा ऑइलपेंट, असं दिसलं तर एजंटाला तोच कोपरा दाखवून नुसतं गप्प राहा. काय सांगतो ते ऐकायला मजा येते.

टेकू दिसले म्हणून पळून जाऊ नका. टेकू कधी लावले, कुणी लावले, आणि दुरुस्तीचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे हे विचारा. काल लावलेला टेकू आणि रंगाचे चार थर चढलेला टेकू यांत फरक आहे. भिंतीत आरपार तडा असेल तर त्यावर काचेची पट्टी प्लास्टरने बसवलेली आहे का बघा. तडा हलला की काच फुटते, त्यावरून कळतं की भिंत अजून सरकते आहे. साधा उपाय आहे, कुठलाही अनुभवी गवंडी करून देतो. तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं अशी पालिकेच्या कायद्यात तरतूद आहे. ऑडिट झालं असेल तर वर्ग विचारा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे पूर्ण किंवा थोडा भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती. सी-३ किरकोळ.

राहायला आल्यावर वजनाचं भान ठेवा. पाण्याचं पिंप, पुस्तकांचं कपाट, लोखंडी तिजोरी ही सगळी भिंतीला लागून असू द्यात, खोलीच्या मध्यभागी नकोत. दोन खोल्यांमधली भिंत पाडून हॉल करायची हौस असेल तर दुसरीकडे जागा बघा. आणि मोरीच्या जागी संडास बसवायचा असेल तर मालक, पालिका आणि खालचा शेजारी, तिघांनाही विचारा. आमच्याकडे एका घरात हे काम कंत्राटदाराने असं उरकलं की वर टाइल्स चकचकीत आणि खाली वॉटरप्रूफिंगच्या नावाने सिमेंटचा एक हात. दोन पावसाळे गेले आणि खालच्या घरातली तुळई मऊ झाली. त्या दुरुस्तीची वर्गणी मी दारोदार फिरून गोळा केली आहे. म्हणून सांगते, वरवरच्या टाइल्सचे पैसे कमी करा, पण तळाला पाणी कोंडून ठेवायची चाचणी घेतल्याशिवाय कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देऊ नका.

सामानाचं म्हणाल तर डबलबेड नि कपाट जिन्याच्या वळणातून वळत नाहीत. दोर लावून गॅलरीतून चढवावे लागतात. ते करणारे हमाल इथे आहेत, त्यांनाच बोलवा; उपनगरातली मूव्हर्सवाली मुलं कठड्यावरच भार टाकतात. खालच्या मजल्यांवर आधी सांगा, वाळत घातलेले कपडे काढून घेतील.

शेजारी

बाहेरून बघणाऱ्याला गिरगाव म्हणजे मराठी माणसाचा बालेकिल्ला. ते खरंच आहे. चौपाटीवर टिळकांचा पुतळा आहे, केळेवाडीत १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह आहे, केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. पण ठाकूरद्वार नाक्यावरून अर्धा तास पायी फिरलात तर किती जगं लागतात बघा. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची घरं. काकडवाडीत आर्य समाज, जो मुंबईत १८७५ साली स्थापन झाला. त्याच पट्ट्यात प्रार्थना समाजाचं मंदिर. समाज १८६७ चा, आणि आता तर त्या नाक्यालाच 'प्रार्थना समाज' म्हणतात, बसचा कंडक्टरसुद्धा. फणसवाडीत दाक्षिणात्य पद्धतीचं व्यंकटेशाचं मंदिर. चर्नी रोडच्या बाजूला पारश्यांचं अग्निमंदिर, बनाजी आतश बेहराम, १८४५ चं. भुलेश्वरात गुजराती, मारवाडी, जैन. पुढे मुंबादेवी आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर जामा मशीद. धोबीतलावला गोवेकरांचे कूड, म्हणजे एकेका गावाने आपल्या बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसांसाठी मुंबईत चालवलेलं मुक्कामाचं ठिकाण. हे सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून राहतात असं मी म्हणणार नाही. आपापल्या उंबऱ्याच्या आत आपापलं, आणि उंबऱ्याबाहेर एकमेकांची वेळ सांभाळायची, अशी रीत आहे. ती शिकायला फार दिवस लागत नाहीत.

हाका मारायच्या कशा, इथून सुरुवात करा. मराठी घरात काका-काकू, आजी. गुजराती घरात बेन आणि भाई, वयाने मोठ्या असतील तर बा. ख्रिस्ती घरात अंकल-आंटी. नुसत्या नावाने हाक मारायची ऑफिसातली सवय चाळीत चालत नाही. साठीच्या माणसाला नावाने हाक मारलीत तर तो ओ देईल, पण पार्सल तुमच्यासाठी घेऊन ठेवणार नाही. आणि खोताच्या वाडीतल्या आंटीशी इंग्रजीत सुरुवात करू नका. ईस्ट इंडियन ही मुंबईची मूळची माणसं, घरात त्यांची मराठीचीच एक बोली. नव्याने आलेला कुणी त्यांना 'गोव्याच्या का तुम्ही?' असं विचारतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट डब्यांची. नव्या घरी पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी काहीतरी पाठवतंच. डबा रिकामा परत द्यायचा नाही. पण काय घालून द्यायचं ते घर बघून. जैन शेजाऱ्यांना कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, आणि बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून रात्री आठला गरम वड्या घेऊन दार वाजवण्यात अर्थ नाही. साखर, फळं, घरचे लाडू हे कुणालाही चालतात. मासे तळत असाल तर तळा, तुमचं घर आहे. फक्त गॅलरीकडचं दार लोटून घ्या आणि पर्युषणाच्या दिवसांत जरा सबुरीने. उलट बाजूनेही हीच अपेक्षा ठेवायला हरकत नाही. 'शाकाहारी लोकांनाच जागा' असं कुणी सांगितलं तर मी तरी तिथे राहायला जाणार नाही, पण तो माझा स्वभाव.

गॅलरीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. दिवसा दारं उघडी असतात. उघड्या दारावरून जाताना नजर समोर ठेवायची, आत डोकावायचं नाही. आतून कुणी 'या' म्हटलं तर थांबायचं. तुमचं दार दिवसभर बंद राहिलं तर संध्याकाळी कुणीतरी 'बरं आहे ना?' विचारायला येईल. त्याचा राग येत असेल तर चाळीत राहू नका, खरंच सांगते. फोनवर गॅलरीत उभं राहून बोललात तर ते अख्ख्या मजल्याने ऐकलेलं असेल, आणि तुमची नोकरी गेल्याचं तुमच्या आधी दुसऱ्या मजल्याला कळलं तर तक्रार करायची सोय नाही. वाळत घालायच्या दोऱ्या वाटून घेतलेल्या असतात. मोकळी दिसली म्हणून वापरू नका, ती कुणाची तरी आहे.

वाड्यांच्या वाटा बहुतेक खाजगी असतात, रस्त्यासारख्या दिसल्या तरी. खोताच्या वाडीत एकेकाळी साठावर जुनी घरं होती, आता निम्मीही उरली नाहीत, त्यामुळे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ. तुम्ही रहिवासी म्हणून जाणार असाल तर कुणाच्या व्हरांड्यात बसून फोटो काढून घेऊ नका. वाडीतल्या क्रूसापाशी प्रार्थना चालू असेल तर स्कूटर बंद करून ढकलत न्या. मुंबईतले असे बरेच क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभारलेले, लोकांनी जीव मुठीत धरून. अग्यारी आणि आतश बेहराममध्ये पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही; दारात उभं राहून आत वाकून बघणंही बरं दिसत नाही.

वर्षाचा हिशेब

नोकरीच्या कॅलेंडरशेजारी कालनिर्णय लावा. गुढीपाडव्याला फडके गणपतीपासून शोभायात्रा निघते, सकाळी जगन्नाथ शंकरशेट मार्गावर गाडी काढायचा विचार सोडा. महाशिवरात्रीला बाबुलनाथच्या बाजूला रांगा. ऑगस्टच्या मध्यावर पारशी नववर्ष. रमझानात महंमद अली रोडकडची रात्र पहाटेपर्यंत जागी. नाताळात खोताच्या वाडीत कंदील.

आणि गणपती. दीड, पाच, सात दिवसांची विसर्जनं, मग अनंत चतुर्दशी, सगळं चौपाटीकडे जातं आणि आपल्या दारावरून जातं. खेतवाडीच्या गल्ल्यांत रात्रभर दर्शनाची गर्दी असते. त्या दिवसांत घरात औषधं आधी आणून ठेवा, पाहुण्यांना चर्नी रोड स्टेशनवरून चालत यायला सांगा, अनंत चतुर्दशीला गाडी आदल्या दिवशीच बाहेर कुठेतरी लावा. घरात अगदी म्हातारं किंवा तान्हं कुणी असेल तर त्या रात्रीपुरती नातेवाइकांकडे सोय करा. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद हा नियम वर्षभराचा. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस तो मध्यरात्रीपर्यंत सैल करू शकतं, आणि त्यातले काही इथेच खर्ची पडतात. तक्रार करायचा हक्क तुम्हाला आहेच. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी फोन उचलण्याआधी मंडळाच्या मुलांना खाली जाऊन भेटा. वर्गणी द्या, पावती घ्या, आणि स्पीकरचं तोंड कुठे असावं ते त्याच वेळी बोला. आगमनाच्या आदल्या दिवशी नव्हे, मंडप घालायच्या आधी. बहुतेक वेळा फिरवतात. नाही फिरवला तर पोलिस आहेतच.

बाजारहाटाचं थोडक्यात. मासे चिराबाजारात, सकाळी लवकर जा आणि कोळणीने भाव सांगितला की तोंड वाकडं करू नका, अर्ध्यापासून सुरुवातही करू नका, एकीशीच बांधून राहिलात तर तीच तुम्हाला ताजं काय ते सांगेल. फुलं, पूजेचं सामान, फराळाचं भुलेश्वरात. कापड मंगलदास मार्केट, विजेचं सामान लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक्स लॅमिंग्टन रोड. पत्ता सांगताना जुनीच नावं सांगा. लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकर मार्ग म्हटलंत तर टॅक्सीवाला मागे वळून बघेल. शामलदास गांधी मार्ग म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीट हे पत्र लिहिण्यापुरतं लक्षात ठेवा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो थेट गिरगाव आणि काळबादेवीला आली आहे, त्यामुळे अंधेरी किंवा बीकेसीला नोकरी असलेल्यांना गाडीची गरज राहिलेली नाही. ठेवणारच असाल तर पार्किंग कुठे, हा प्रश्न जागा घेण्याआधी सोडवा. वाडीत चार गाड्या मावतात आणि त्या चार कुणाच्या, हे तुमच्या जन्माआधी ठरलेलं आहे.

बिल्डर आला की

तो येणारच. पागडीवाल्यांनी तेव्हा डोकं शांत ठेवायचं. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो. त्याला निदान ५१ टक्के भाडेकरू-रहिवाशांची लेखी संमती लागते, आणि राहत्या भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट क्षेत्राचं घर मालकीने मिळतं. तुमची जागा मुळात मोठी असेल तर तेवढं. लायसन्सवर राहणाऱ्याला यात काही मिळत नाही, त्याने नुसतं दुसरीकडे जायची तयारी ठेवायची.

सभेला चहा-समोसे असतील, पडद्यावर स्विमिंग पूल असेल. तिथे विचारायचं ते हे: आधीची इमारत कुठे पूर्ण केलीत, तिचा पत्ता द्या, आम्ही जाऊन राहणाऱ्यांशी बोलू. बाहेर राहण्याचं भाडं किती महिन्यांचं आगाऊ देणार, आणि काम रखडलं तर त्याची बँक गॅरंटी आहे का. करारात प्रत्येकाचं क्षेत्रफळ नावासकट लिहिलेलं आहे का. नव्या इमारतीचा देखभाल खर्च महिन्याला काय येईल; तीन आकडी भाडं भरणाऱ्या पेन्शनर माणसाला लिफ्ट आणि पोडियमचे पाच आकडी पैसे झेपणार आहेत का, हे कुणीच विचारत नाही आणि मग घर मिळूनही लोक ते विकून जातात. सही त्याच दिवशी करू नका. करार घरी आणा, वकिलाला दाखवा, आणि त्याची फी तुम्ही भरा, बिल्डरने भरलेली नको. सगळ्या भाडेपावत्या, जुनं लाइटचं बिल, मतदार यादीतलं नाव आणि रेशनकार्ड यांच्या प्रती एका फायलीत घालून ती फाइल चाळीबाहेर, भावाबहिणीकडे ठेवा. पावसाळ्यात रातोरात इमारत रिकामी करायची वेळ आली तर तुम्ही त्या खोलीत राहत होतात हे सिद्ध करायला तेवढीच उपयोगी पडते.